औषध तेच, अंग निराळे

समजा, दोन कुत्री आहेत. वजन सारखे, वय सारखे, आजारही एकच. पशुवैद्यांनी दोघांनाही एकाच औषधाच्या गोळ्या एकाच मापाने दिल्या. आठ दिवसांत पहिला कुत्रा उठला, भाकरी खाऊ लागला, अंगणात उतरलेल्या कावळ्यांवर धावून जाऊ लागला. दुसरा मात्र कोपऱ्यात पडून राहिला. औषध शिळे नव्हते, गोळी चुकली नव्हती. मग फरक कुठे पडला?

भौतिकशास्त्राच्या तासाला असा प्रश्न आला तर तुम्ही चटकन उत्तर द्याल. एकाच विद्युतघटाला आधी तांब्याची तार जोडली, मग तितक्याच लांबीची आणि जाडीची नायक्रोमची तार जोडली, तर दोहोंतून वाहणारी धारा वेगळी असते. घट तोच, पण तारेचा रोध वेगळा. मी कॉलेजात हेच शिकवतो. प्राण्याच्या अंगातला असा ‘रोध’ मात्र कुठल्या मापकाने मोजायचा आणि तो मुळात ठरतो कशाने, हे कळायला विसावे शतक निम्मे उलटावे लागले. त्या शोधाची एक वाट कुत्र्यांच्या दवाखान्यातून जाते, आणि दुसरी थेट आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातून. दोन्ही वाटांनी थोडे थोडे चालून पाहू या.

आधी कुत्र्याचा आजार समजून घेऊ. शरीराची संरक्षक यंत्रणा परक्या जंतूंना ओळखते आणि मारते. आपले कोण आणि परके कोण, हे तिला एरवी बरोबर कळते. पण कधी कधी ही ओळख बिघडते, आणि यंत्रणा स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशींना शत्रू समजू लागते. त्या पेशींवर प्रतिपिंडे चिकटतात आणि पानथरीत व यकृतात त्यांचा फडशा पडू लागतो. कुत्र्याच्या हिरड्या आधी पांढुरक्या, मग पिवळट होतात, धाप लागते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. (हा लघवीचा रंग लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.) कॉकर स्पॅनिएल या लांब कानांच्या जातीत हा आजार विशेष आढळतो. आपल्याकडचा पशुवैद्य मात्र असा कुत्रा समोर आला की आधी त्याच्या अंगावर गोचीड शोधतो आणि रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घालतो. कारण गोचिडांतून पसरणारा बबेसिया नावाचा एकपेशीय जीवही तांबड्या पेशी फोडतो. त्याची ‘गिब्सनाय’ ही जाती जगात प्रथम ओळखली गेली ती आपल्याच देशात, १९१० साली मद्रासच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात.

बबेसिया नसेल आणि दोष खरोखर संरक्षक यंत्रणेचाच असेल, तर तिला आवर घालावा लागतो. त्यासाठी प्रेडनिसोलोन नावाचे स्टेरॉईड देतात. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. ती कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार करते. प्रेडनिसोलोन हे त्याचेच कृत्रिम भावंड. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच आणि एडवर्ड केंडॉल यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले, आणि अंथरुणात वळणेही जिला कठीण होते ती बाई काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या दोघांना आणि स्वित्झर्लंडच्या टाडेउश राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मग या औषधाचे दुष्परिणामही कळत गेले. स्टेरॉईड घेणारा कुत्रा सारखा पाणी पितो, सारखा लघवीला जातो, भूक आवरत नाही, पोट सुटते. आणि बरे वाटले म्हणून गोळी एकदम बंद केली तर जिवावर बेतू शकते, कारण बाहेरून आयते संप्रेरक मिळत असल्यामुळे शरीराची स्वतःची ग्रंथी आळसावलेली असते.

आता ही गोळी पेशीत जाऊन करते काय? स्टेरॉईडचा रेणू स्निग्ध पदार्थात विरघळणारा आहे. पेशीचे आवरणही स्निग्धच, म्हणून तो त्यातून सहज आत शिरतो. आत एक प्रथिन त्याची वाट पाहत असते. त्याला ‘ग्राही’ म्हणतात. कुलपात किल्ली बसावी तसा स्टेरॉईडचा रेणू ग्राहीत बसला की ग्राही पेशीच्या केंद्रकात जातो, तिथल्या डी.एन.ए.च्या विशिष्ट जागा धरतो आणि काही जनुके चालू, काही बंद करतो. दाह भडकवणारी जनुके बंद पडली की संरक्षक यंत्रणा शांत होऊ लागते.

म्हणजे गोळी आणि गुण यांच्या मध्ये कितीतरी प्रथिने आहेत, आणि प्रत्येक प्रथिन बनवण्याचा आराखडा एकेका जनुकात लिहिलेला आहे. जनुकात एक अक्षर बदलले की प्रथिनाचा आकार किंचित बदलू शकतो. माणसाच्या ग्राहीचेच उदाहरण घ्या. त्याच्या साखळीत ३६३व्या जागी बहुतेक लोकांत ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल असते. काही थोड्या लोकांत त्या जागी सेरीन असते आणि ते स्टेरॉईडला जरा जास्त प्रतिसाद देतात. एवढ्याशा बदलाने!

पण कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात बोलकी गोष्ट ग्राहीची नाही, पंपाची आहे.

पेशीच्या आवरणात एक प्रथिन बसवलेले असते. त्याचे नाव पी-ग्लायकोप्रोटीन, आपण त्याला पंपच म्हणू. विहिरीवरच्या मोटारीसारखे त्याचे काम. आत शिरलेले नको ते रेणू ऊर्जा खर्च करून तो बाहेर फेकतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत हे पंप दाटीने असतात, म्हणून कित्येक विषारी द्रव्ये रक्तात आली तरी मेंदूत पोचत नाहीत. हा पंप बनवणाऱ्या जनुकाचे महत्त्व उंदरांनी अगदी नाट्यमय रीतीने दाखवून दिले. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगशाळेत हे जनुक मुद्दाम काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. उंदीर अगदी धडधाकट दिसत. पुढे त्या उंदीरघरात पिसवांसारख्या बारीक किड्यांचा उपद्रव झाला, म्हणून आयव्हरमेक्टिन नावाचे नेहमीचे औषध फवारले. साधे उंदीर खुशाल राहिले आणि पंप नसलेले जवळजवळ सगळे मेले. औषध त्यांच्या मेंदूत शिरले होते. १९९४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले.

हे वाचून पशुवैद्यांना एक जुने कोडे आठवले. हेच आयव्हरमेक्टिन गुरांच्या आणि कुत्र्यांच्या अंगावरील किड्यांसाठी जगभर वापरतात, आपल्याकडेही सर्रास वापरतात. पण कॉली जातीची मेंढपाळ कुत्री या औषधाने लडखडत, त्यांची लाळ गळे, काही बेशुद्ध पडून मरत. १९८०च्या दशकापासून हे ठाऊक होते, कारण ठाऊक नव्हते. २००१ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॅट्रिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले. या कुत्र्यांच्या पंपाच्या जनुकातून डी.एन.ए.ची फक्त चार अक्षरे गळाली होती. वाक्यातली चार अक्षरे गाळून पुढची अक्षरे तीन-तीनच्या गटांनी वाचत गेलात तर जसा निरर्थक मजकूर होईल, तसेच इथे झाले. प्रथिन अर्धवटच राहिले, पंप बसलाच नाही. अमेरिकेतल्या सुमारे तीन चतुर्थांश कॉली कुत्र्यांत या बिघडलेल्या जनुकाची निदान एक प्रत आढळते.

प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉईडेही हाच पंप बाहेर टाकतो. त्यावरून दोन गोष्टी सुचतात, आणि त्या दोन्ही तपासून पाहिल्या गेल्या आहेत. पहिली ही, की पंप नसलेल्या कुत्र्याच्या मेंदूत त्याचे स्वतःचे कॉर्टिसॉलही जास्त शिरत असणार. इस्त्रीतला तापनियंत्रक जसा तवा तापला की प्रवाह तोडतो, तसा मेंदू ‘पुरे झाले’ असे समजून अधिवृक्क ग्रंथीला पाठवायची आज्ञा कमी करील. अशा कुत्र्यांच्या रक्तात कॉर्टिसॉल खरोखरच इतरांपेक्षा कमी आढळले. दुसरी गोष्ट उलट दिशेची. ज्या पेशींना शांत करायचे त्यांच्यावरच पंप भरमसाट असतील, तर त्या स्टेरॉईड बाहेर फेकून देतील. आतड्याच्या जुनाट दाहाने आजारी असलेल्या कुत्र्यांवरचे एक संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. उपचारापूर्वी ज्यांच्या आतड्यातल्या संरक्षक पेशींवर पंप कमी होते, त्यांना स्टेरॉईडचा गुण चांगला आला. पंप जास्त असलेल्यांना तितका आला नाही. मात्र इथे सगळे खापर जनुकावर फोडू नका. स्टेरॉईड देत गेल्याने पेशी स्वतःच पंपांची संख्या वाढवतात, असेही त्याच संशोधनात दिसले.

आणखी एका जातीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात पाणबदकांच्या शिकारीसाठी पाळला जाणारा तांबूस रंगाचा एक कुत्रा आहे. त्याला डक टोलर म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी डिस्टेंपर या रोगाच्या साथींत ही जात जवळजवळ नष्ट झाली. वाचलेल्या थोड्या कुत्र्यांपासून ती पुन्हा वाढली, आणि त्या थोड्यांच्या जनुकांतले दोष सगळ्या वंशात पसरले. आज या कुत्र्यांत सांधे धरणारा एक संरक्षक-यंत्रणेचा आजार आणि मेंदूच्या आवरणाचा दाह असे दोन रोग वरचेवर आढळतात, आणि दोन्हींवर स्टेरॉईडच द्यावे लागते. २०१० साली स्वीडनमधल्या संशोधकांनी या रोगांशी संबंध असलेल्या पाच जागा कुत्र्याच्या गुणसूत्रांवर निश्चित केल्या. कुत्र्याच्या गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यांत पाच जागा शोधणे सोपे का गेले? सगळी टोलर कुत्री एकमेकांची जवळची नातेवाईक म्हणून. संशोधकाला जे सोयीचे, तेच कुत्र्याला घातक आहे! आपल्या गावातल्या, कुणी जात न विचारलेल्या कुत्र्याच्या अंगात जनुकांची विविधता कितीतरी अधिक असते. कानांच्या आणि केसांच्या हौसेपायी भावंडांत जोड्या लावून पिले काढण्याचा खटाटोप मला तरी कधी पटलेला नाही.

आता कुत्र्यांना अंगणात सोडू आणि आपल्या जिल्ह्यात येऊ.

आमच्या कुरखेड्याच्या आसपास सगळे धानाच्या बांध्यांचे आणि जंगलाचे रान. पावसाळा सुरू झाला की नाले वाहू लागतात, रोवणी सुरू होते, आणि डासांबरोबर हिवतापही येतो. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांमध्ये गडचिरोली जिल्ह्याचा वाटा कायमच फार मोठा राहिला आहे. ताप आला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते, पट्टीवर रेघा पाहते आणि गोळ्या देते. त्या गोळ्यांत एक असते प्रायमाक्वीन. रक्तातले जंतू मारायला दुसरी औषधे आहेत. प्रायमाक्वीनचे काम वेगळे. हिवतापाच्या ‘व्हायव्हॅक्स’ जातीचे जंतू यकृतात दडून झोपी जातात आणि काही महिन्यांनी उठून पुन्हा ताप आणतात. त्या झोपलेल्यांना गाठणारे हे औषध आहे, आणि ते चौदा दिवस घ्यावे लागते. ‘फाल्सिपेरम’ जातीच्या तापात त्याचा एकच डोस देतात, म्हणजे डासाने चावा घेतला तरी जंतू पुढे पसरत नाहीत.

बहुतेकांना या गोळीने काही होत नाही. पण एखाद्याला दोन-तीन दिवसांत थकवा येतो, डोळे पिवळे दिसतात आणि लघवी होते कोऱ्या चहासारखी. ओळखीचा रंग आहे ना? इथेही तांबड्या पेशीच फुटत आहेत. आजारी कुत्र्यात त्या संरक्षक यंत्रणा फोडत होती आणि औषध वाचवत होते. इथे औषधच फोडते आहे. असे काही दिसले तर पुढची गोळी घ्यायची नाही आणि लगेच दवाखाना गाठायचा. हे घरात सांगून ठेवा. विशेषतः घरातला लहान भाऊ ‘लघवी काळी झाली’ असे सांगायला लाजत असेल, तर त्याला.

पण एखाद्यालाच का? हा प्रश्न प्रथम नेटाने सोडवला गेला तो शिकागोजवळच्या स्टेटव्हिल तुरुंगात. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा बेट घेतले आणि जगाचा क्विनाईनचा साठा तुटला. नवी औषधे शोधायची घाई झाली. १९४४पासून या तुरुंगातल्या कैद्यांना हिवताप देऊन त्यांच्यावर औषधांची परीक्षा केली गेली. कैद्यांनी संमती दिली होती म्हणतात. पण तुरुंगातल्या माणसाच्या संमतीला संमती म्हणावे का, हा वाद अजून संपलेला नाही, आणि तो संपू नये असे मला वाटते. तिथे दिसले, की प्रायमाक्वीनने काही थोड्या जणांचेच रक्त उतरते.

दोष रक्तपेशीत आहे की रक्तपेशीबाहेर, शरीरात? १९५४ साली प्रसिद्ध झालेला यावरचा प्रयोग इतका स्वच्छ आहे, की तो मी भौतिकशास्त्राच्या वर्गातही सांगतो. क्रोमियम-५१ हे किरणोत्सारी समस्थानिक आहे. त्याचा अर्धायुष्यकाल सुमारे २८ दिवस, आणि त्यातून गॅमा किरण निघतात. तांबड्या पेशींना ते चिकटवले की त्या पेशींवर जणू खूण केली जाते. मग त्या कुणाच्याही शरीरात गेल्या तरी गणकयंत्राने त्यांचा माग काढता येतो. संशोधकांनी ज्यांना गोळी सोसत नव्हती त्यांच्या पेशींवर खूण केली, त्या ज्यांना सोसत होती अशांच्या शरीरात घातल्या आणि प्रायमाक्वीन दिले. खूण केलेल्या पेशी भराभर फुटल्या, त्या माणसाच्या स्वतःच्या पेशी शाबूत राहिल्या. मग उलट केले. सोसणाऱ्याच्या पेशी न सोसणाऱ्याच्या शरीरात घातल्या. त्या टिकल्या! शरीर निर्दोष होते, दोष पेशीतच होता. दोन वर्षांनी, १९५६ साली, पॉल कार्सन, आल्फ अल्व्हिंग आणि सहकाऱ्यांनी तो दोष नेमका सांगितला. त्या पेशींत एका विकराचा तुटवडा होता. त्याचे नाव लांबलचक आहे, ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. आपण जी-सिक्स-पी-डी म्हणू, डॉक्टरही तेच म्हणतात.

हा विकर करतो काय? पावसात ठेवलेल्या सायकलीला गंज चढतो. तेलपाणी केले तर ती टिकते. तांबडी पेशी जन्मभर प्राणवायू वाहते, म्हणजे ती कायमच गंजण्याच्या वाटेवर असते. तिच्यात ग्लुटाथायोन नावाचा एक रेणू हा ‘गंज’ पुसत असतो. पुसता पुसता तो स्वतः खर्ची पडतो आणि त्याला पुन्हा ताजे करावे लागते. त्यासाठी लागणारा एन.ए.डी.पी.एच. हा रेणू तांबड्या पेशीत जी-सिक्स-पी-डीच्या मदतीनेच तयार होतो. दुसऱ्या पेशींना इतर मार्ग असतात, तांबडीला नाहीत. तिला केंद्रकही नाही. त्यामुळे जन्मताना जेवढा विकर बरोबर आणला तेवढ्यावर तिला सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढायचे असते. प्रायमाक्वीन या गंजण्याची गती एकदम वाढवते. विकर पुरेसा असेल तर पेशी निभावून नेते. तुटपुंजा असेल तर तिच्यातले हिमोग्लोबीन आकसून त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी फुटते. युरोपात भूमध्य समुद्राच्या काठी काही लोकांना एका प्रकारच्या शेंगांचे दाणे खाल्ले की कावीळ होते, त्याचेही कारण हेच निघाले.

या विकराचे जनुक ‘एक्स’ गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स असतो, आणि तो आईकडून येतो. त्या एका प्रतीत दोष असला की संपले. मुलीला दोन एक्स असल्याने एक बिघडला तरी दुसरा हात देतो. म्हणून हा दोष मुलांत अधिक उघड दिसतो.

या जनुकाचे शेकडो बिघडलेले प्रकार जगात सापडले आहेत आणि त्यांना गावांची, प्रदेशांची नावे मिळाली आहेत. त्यात एक नाव आपल्या कल्याणचे आहे! १९८४ साली एका कोळी कुटुंबात असा एक नवा प्रकार आढळला. त्याला ‘जी-सिक्स-पी-डी कल्याण’ म्हटले गेले. पुढे जनुकाची अक्षरे वाचता येऊ लागली तेव्हा गंमत झाली. केरळात आधी सापडलेला प्रकार आणि हा, दोन्ही एकच निघाले. विकराच्या साखळीत ३१७व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसीन. आता त्याला ‘केरळ-कल्याण’ असे जोडनाव आहे. भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत ‘ओरिसा’ नावाचा प्रकार अधिक आढळतो. मुंबईच्या पारशी समाजातही या विकराची कमतरता बरीच आहे.

जो दोष पेशी फोडतो तो इतक्या लोकांत टिकला कसा? कॉलीच्या पंपाचा दोष माणसाच्या निवडीने पसरला. एखादा गुणी मेंढपाळ कुत्रा आवडला, त्याचीच पिले सगळ्यांना हवीशी झाली, आणि त्याचे गळालेले अक्षरगटही बरोबर गेले. माणसात निवड केली ती डासाने. ज्या पेशीत विकर कमी, तिच्यात हिवतापाच्या जंतूलाही नीट वाढता येत नाही. म्हणजे हिवतापाच्या मुलखात असे मूल जगण्याची शक्यता किंचित जास्त. हा विचार १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी दुसऱ्या एका रक्तदोषाबाबत मांडला. हेच हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन राहिले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलबाबत तो खरा करून दाखवला. सिकलसेल तर आपल्या जिल्ह्यातल्या शाळाशाळांत ओळखीचा शब्द आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा एक लेख नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये लिहिला होता. त्यावरही हायड्रॉक्सीयुरिया हे एकच औषध दिले तरी सगळ्यांना सारखा गुण येत नाही. गर्भावस्थेतले हिमोग्लोबीन मोठेपणीही बनवत राहण्याची कुवत ज्याच्या जनुकांत जास्त, त्याचा त्रास मुळातच सौम्य असतो. म्हणजे ज्या जंगलात हिवताप, त्याच जंगलात त्यावरची गोळी न सोसणारी रक्ते! योगायोग वाटतो, पण नाही.

मग गोळी देण्याआधीच हा दोष ओळखता येईल का? येतो, आणि तोही प्रकाशाने. शंभराच्या नोटेवर जांभळट अतिनील दिवा धरला तर तिच्यातले काही धागे चमकतात, हे तुम्ही दुकानात पाहिले असेल. एन.ए.डी.पी.एच. हा रेणूही तसाच चमकतो. सुमारे ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा न दिसणारा प्रकाश तो शोषतो आणि त्याहून लांब तरंगांचा निळसर प्रकाश परत देतो. रक्ताचा थेंब योग्य द्रावणात मिसळून टिपकागदावर ठेवायचा आणि अंधारात वरून अतिनील दिवा लावायचा. ठिपका चमकला तर विकर काम करतो आहे. काळाच राहिला तर नाही. अर्नेस्ट ब्यूटलर यांनी १९६०च्या दशकात ही चाचणी बसवली.

तिच्यात दोन खोड्या आहेत. पहिली मुलींची. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन्ही एक्स चालू नसतात. एक कायमचा मिटलेला असतो, आणि कोणता मिटायचा हे भ्रूणावस्थेत छापा-काटा केल्यासारखे ठरते. मेरी लायन यांनी १९६१ साली हे सुचवले. तिरंगी मांजर पाहिले आहे ना? ती जवळजवळ नेहमी भाटीच असते, बोका नसतो. तिच्या अंगावरचे काळे आणि नारिंगी पट्टे म्हणजे कुठे एक एक्स चालू, कुठे दुसरा. तशीच दोष वाहणारी मुलगी रक्ताने ‘चट्टेरी’ असते. काही तांबड्या पेशी भक्कम, काही कच्च्या. भक्कम पेशींमुळे ठिपका चमकतो, चाचणी ‘ठीक’ म्हणते, आणि कच्च्या पेशी गोळीने फुटायच्या त्या फुटतातच. अशा वेळी नुसते चमकणे पाहून भागत नाही, चमक मोजावी लागते.

दुसरी खोड अशी, की रक्त उतरल्यावर लगेच चाचणी केली तर फसायला होते. विकर वयाबरोबर झिजत असल्याने फुटतात त्या मुख्यतः म्हाताऱ्या पेशी. मागे उरतात त्या तरुण, आणि त्यांच्याजवळ विकर बऱ्यापैकी असतो. म्हणून काही आठवडे थांबून पुन्हा तपासतात.

याच गोष्टीचा उलटा उपयोगही करता येतो, आणि तो अल्व्हिंग यांच्याच गटाने १९६० साली दाखवला. व्हायव्हॅक्स हिवताप झालेल्या ज्या रुग्णात विकर कमी आहे, त्याला प्रायमाक्वीन रोज न देता आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे देतात. हे अर्थात डॉक्टरांच्या नजरेखालीच करायचे. प्रत्येक गोळीने थोड्या म्हाताऱ्या पेशी जातात. पुढची गोळी येईपर्यंत सहा दिवस मिळतात, आणि तेवढ्यात हाडांतली मज्जा त्यांच्या जागी नव्या, विकराने भरलेल्या पेशी पाठवून देते.